भिंतीची बाहेरून पाहणी

"मूल व्हायच्या आत तो मधला सुळका एकदा करून घे, खारूताई. नंतर तुला गॅलरीतून खाली बघायचीसुद्धा भीती वाटेल."

हे घोरपडीने तिला बजावलं तेव्हा ती एका कातळाच्या कंगोऱ्यावर टाचा टेकवून केळं खात होती. पायांखाली नुसती हवा. अशा माणसाला भीतीबद्दल सावध करणं म्हणजे माशाला छत्री विकणं. "मला? भीती?" एवढंच ती म्हणाली, आणि केळ्याची साल घडी करून खिशात ठेवली, कारण कातळावर कचरा टाकायचा नाही हा त्या दोघींचा एकमेव धर्म होता.

घोरपड म्हणजे तिची कॉलेजातली मैत्रीण. एकदा कातळाला चिकटली की सुटायची नाही, म्हणून हे नाव. ही तुरुतुरु वर जायची आणि मध्येच थांबून इकडेतिकडे बघायची, म्हणून खारूताई. दोघींनी एकमेकींचा दोर इतका धरला होता की एकीला शिंक आली तर दुसरीचा हात आपोआप दोराच्या ब्रेकवर जायचा. मधला सुळका तेवढा राहिला. पुढच्या वर्षी करू, म्हणाल्या. 'पुढच्या वर्षी' हा शब्द माणसाने आळसासाठी शोधला असावा. पुढे तो संसाराच्याही कामी आला.

मग भिंगरी झाली.

भिंगरी घरात आली आणि घरातले सगळे कोपरे धोकादायक झाले. टेबलाला फोमचे कान आले, प्लगच्या भोकांना झाकणं आली, द्राक्षाचे चार तुकडे होऊ लागले आणि त्या चारांकडेही खारूताई संशयाने बघू लागली. ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसचे नकाशे घरी बसून काढायची. नकाशात जिना आला की आधी कठड्याची उंची तपासायची आणि साहेबांना फोन करायची, "सर, यातून मुलाचं डोकं जाईल." साहेब म्हणायचे, "अहो, हे गोदाम आहे." नवरा विमा कंपनीत होता. लोकांच्या जिवाचा धोका मोजणं हा त्याचा धंदा. पण संध्याकाळी घरी आला की तोही म्हणायचा, "अगं, आमच्या कंपनीला इतकी भीती वाटली असती तर आम्ही एकही पॉलिसी विकली नसती."

अशात घोरपडीचा फोन आला.

"या रविवारी मधला सुळका. माझ्या जोडीला माणूस नाही."

"बघते गं."

"बघते म्हणजे नाही. हे मला मराठी येते तेव्हापासून माहीत आहे. नीट ऐक. महिनाअखेर माझी बदली आहे. जिथे चाललेय तिथे चढायला ऑफिसच्या जिन्याशिवाय काही नाही. आणि तुझ्याशिवाय त्या सुळक्यावर मला जायचं नाहीये. आता पुन्हा बघते म्हण."

खारूताईने फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. डोकं शांत करायचं असलं की ती कपडे काढायची, म्हणजे दोरीवरचे. भिंगरीचं झबलं ओढताना हाताला काहीतरी लागलं. दोरीच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. अशी पट्टी जगात एकच माणूस गुंडाळायचं, दोराचं टोक उसवू नये म्हणून, आणि ते माणूस ती स्वतः होती.

गॅलरीतली कपड्यांची दोरी म्हणजे तिचा चढाईचा दोर होता.

"आई, हा दोर कुठून आणलात?" तिने सासूबाईंना विचारलं.

"माळ्यावर पडला होता की! भिंगरीचे लंगोट वाळेनात तेव्हा बांधला मी. चांगला चिवट आहे. बाजारात असला मिळत नाही."

सासूबाईंचं चुकलं नव्हतं. चिवट होताच. पण उन्हात राहून त्याचा निळा रंग पार उडाला होता आणि तो राखी, कोरडा, म्हाताऱ्याच्या मनगटासारखा झाला होता. असल्या दोरावर आता फारतर चादर लटकवावी, माणूस नाही. त्याचं तिला वाईट वाटलंच. पण खरं वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. भिंगरी जन्मल्यापासून ती रोज त्या दोरावर कपडे घालत होती, काढत होती, बोटांनी पुढे सरकवत होती, आणि तिने त्याला ओळखलं नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळ तसाच होता. पीळ देणारीच विसरली होती.

तिने घोरपडीला कळवलं, "येते."

दुसऱ्या दिवशी वॉचमनकडे एक फुगलेली सॅक आली. नवा दोर, हार्नेस, कड्या, पट्टे, हेल्मेट. वर चिठ्ठी: 'रविवारपर्यंत हात लावून बघ. फक्त हात.'

हात लावण्याने सुरुवात झाली ती अशी. हार्नेस गुडघ्यांपर्यंत आनंदाने आला आणि मांड्यांपाशी येऊन विचारात पडला. खारूताईने श्वास सोडला, पोट आत घेतलं, पट्ट्या शेवटच्या टोकाला नेल्या. भिंगरी टाळ्या वाजवत होती. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "कंबरेचा पट्टा का गं? डॉक्टरांनी दिला?" हेल्मेट भिंगरीने ताब्यात घेतलं आणि जेवतानाही काढलं नाही. नवरा हे सगळं पाहून विमावाल्याच्या आवाजात म्हणाला, "तू जा, माझी ना नाही. पण तुला अजून जमतं का, हे आधी कुठेतरी तपासून बघ ना. सुळक्यावर कळण्यापेक्षा."

हे वाक्य त्याने सहज टाकलं आणि टायर दाखवायला गाडी घेऊन गेला. नवऱ्यांनी सहज वाक्यं टाकू नयेत.

गच्चीवरून मागच्या बाजूला दोराने उतरायचं, बस. चार मजली इमारत, खाली मोकळं अंगण. कातळाच्या मानाने हे म्हणजे पाळण्यातून उतरणं. फक्त गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे होती, आणि सेक्रेटरींकडून किल्ली मिळवण्यापेक्षा सुळका सोपा.

"कारण?" सेक्रेटरींनी फॉर्म पुढे केला. "यात तीनच रकाने आहेत. कपडे, टाकी, पाहुणे."

"यातलं काही नाही."

"मग गच्चीवर तुम्ही जातच नाही आहात."

"अहो, जाणार आहे. पण थांबणार नाही. लगेच भिंतीवरून खाली येणार."

"आतून की बाहेरून?"

"बाहेरून."

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "वहिनी, बाहेरची भिंत सामाईक मालकीची आहे. तुमच्या वाट्याची आतली बाजू. बाहेरून कुणी यायचं म्हणजे त्याला तसंच कारण हवं."

खारूताई खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. पण कॉलेजातल्या शिक्षणाने माणूस खरं वेगळ्या शब्दांत लिहायला शिकतं. ती नकाशे काढायची, भिंत ती पाहणारच होती. तिने फॉर्मवर चौथा रकाना पेनने आखला आणि त्यात लिहिलं: 'भिंतीची बाहेरून पाहणी.'

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "वा! असं आधी सांगायचं! कधीपासून माणूस शोधतोय!"

तिने हे ऐकलं, आणि ऐकून सोडून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता प्रश्न भिंगरीचा. घरी ठेवावं तर सासूबाई एकट्या, आणि भिंगरी म्हणजे नजर वळली की नाहीशी. गच्चीवर न्यावं तर कठडा. कठडा छातीइतका उंच होता, पण खारूताईच्या डोळ्यांपुढे तो गुडघ्याइतकाच दिसत होता. शेवटी तिने तोड काढली. टाकीच्या खांबाला एक पट्टा, त्याला सासूबाई. सासूबाईंच्या कमरेला दुसरा पट्टा, त्याला भिंगरी. दोन्हींना स्क्रूच्या कड्या, घट्ट आवळलेल्या. दोघींना सावलीत गोल फिरता येईल, कठड्यापर्यंत जाता येणार नाही.

"अगं, मला का बांधतेस? मी कुठे पळून चालले?"

"आई, तुम्ही तिच्यामागे धावाल."

"मी धावत असते तर काय हवं होतं!"

मग तिने आपला दोर खांबाला बांधला. दुसऱ्या खांबाला पुन्हा बांधला. कठड्याची धार दोराला काचू नये म्हणून खाली पायपुसणं घातलं. दोरावर एका बारीक दोरीचा फासही घातला. हात सुटलाच तर तो फास आवळतो आणि माणूस जागच्या जागी अडकतं, पडत नाही. अशा फासाला तीन वेढे पुरतात. तिने तीन घेतले, भिंगरीकडे पाहिलं, चौथा घेतला. सासूबाईंकडे पाहिलं, पाचवा घेतला.

अती तिथे माती असं म्हणतात. इथे माती बरीच खाली होती.

कठड्यावरून पाय सोडताना तिचं काळीज असं धडधडत होतं की हेल्मेटही त्याच्या तालावर हलतंय असं तिला वाटलं. (हेल्मेट भिंगरीकडून बिस्किटाच्या बदल्यात मिळवलं होतं.) पण पहिले दोन-तीन हात ती उतरली आणि पाय भिंतीला टेकले. मग गुडघे वाकवायचे किती, कंबर मागे टाकायची किती, हे पायांना आठवलं. तिला कुणी विचारलंच नाही. चौथा मजला वर गेला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीजवळ ती क्षणभर थांबली, हात मोकळा करायला. फास आवळला.

पुन्हा सुटेना.

पाच वेढ्यांनी आपलं काम पाच वेढ्यांसारखंच केलं होतं. वजन फासावर होतं तोवर तो ढिला होणार नव्हता, आणि वजन काढायचं तर पाय रोवायला एक पट्टा हवा होता. पट्टे दोनच होते. एकाला सासूबाई होत्या आणि दुसऱ्याला भिंगरी.

वरून आवाज आला. "अगं, पोचलीस का?"

"नाही आई. थांबलेय जरा."

"थांबायला तिथे काय आहे?"

त्रिशंकूला निदान कुणीतरी वर पाठवलं होतं. ही आपल्या पायांनी आली होती. "आई, खाली जाऊन कुणाला तरी बोलवता का?" असं विचारायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आईंना खांबाला तिनेच बांधलं होतं.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. जाळीमागे काकू. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"आलीस का बाई! सेक्रेटरी म्हणाले, पाहणी आहे म्हणून. आमच्या न्हाणीघराची ओल कुठून येते ते बघ आधी."

"काकू, मी अडकलेय."

"हो, हो, पण अडकलीच आहेस तर बघ ना. डावीकडे, त्या पाइपाच्या मागे. आणि कबुतरांनी घरटं केलंय तेही बघ. अंडी असली तर राहू दे."

अंगणात सेक्रेटरी फाइल घेऊन आले. त्यांच्यामागे पहिल्या मजल्यावरचे, मग पलीकडच्या इमारतीतले. उंटावरच्या शहाण्याला निदान उंट असतो. इथे सगळे जमिनीवर उभे राहून शहाणपण वर फेकत होते. "हात सोडा, आपोआप याल!" "हात सोडू नका!" "चष्मा सांभाळा!" तिला चष्मा नव्हता. "वहिनी," सेक्रेटरी दोन्ही हातांचा भोंगा करून ओरडले, "तडा किती लांब आहे ते सांगत जा, मी लिहून घेतो!"

आणि तडा खरंच होता. तिच्या तोंडासमोर, गिलाव्यात, आडवा, थोडा तिरका. वैतागून तिने भिंतीवर हात टेकवला आणि दोन बोटं आपोआप त्या फटीत गेली. आत गेली, जराशी वळली, आणि बसली. अशी बसली जणू गेल्या रविवारीच तिथून उठली होती.

खालचा गलका चालूच होता. पण तिला तो कमी ऐकू यायला लागला. बोटांना गार, खरखरीत लागत होतं. वारा मानेवरून जात होता. दूर, टाक्यांच्या आणि तारांच्या पलीकडे, घराच्या गॅलरीतून कधी दिसत नव्हती अशी डोंगराची निळसर रेघ होती. मधला सुळका त्यातला कुठला, हे इतक्या लांबून कळणं शक्य नव्हतं. तिने तरी एक ठरवला. मग तिच्या लक्षात आलं की तिला भीती वाटत नाहीये. म्हणजे वाटत होती. भिंगरीने वर काही तोंडात घातलं असेल का, आईंना ऊन लागत असेल का, याची. पण खालच्या हवेची नाही. आपण अजून ह्या हवेतल्या आहोत, हे तिला इतक्या जोरात कळलं की डोळे भरून आले. हेल्मेट घातलेल्या माणसाला डोळे पुसता येतात, पण दोन्ही हात कामात असलेल्या माणसाला नाही.

"रडते आहे ती!" पहिल्या मजल्याने खबर दिली.

"तडा फारच मोठा दिसतोय," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं.

याच वेळी नवरा टायर दाखवून आला. अंगणातली गर्दी पाहून, गर्दीच्या माना पाहून, त्याने आपलीही मान वर केली.

"अगं!"

"वर जा!" ती ओरडली. "आधी आईंना सोडव! कडीला स्क्रू आहे, तो फिरवून उघड!"

तो जिने चढत गेला. मग वरून आवाज यायला लागले.

"कुठल्या बाजूला फिरवू?"

"डावीकडे!"

"माझ्या की आईच्या?"

"अरे, कडीच्या!"

"मेल्या, माझ्या पोटाला चिमटा बसला!" हा सासूबाईंचा आवाज. मग भिंगरीचं खिदळणं. मग, "सुटली!" आणि लगेच, "भिंगरी सुटली! धर, धर!"

ते 'धर, धर' ऐकलं आणि खारूताईच्या अंगात जे आलं त्याला कॉलेजात 'पकड' म्हणायचे. "काकू! तुमच्या फरशी पुसायच्या काठीचं टोक द्या इकडे! मला खिडकीकडे ओढा!"

"कबुतरांचं बघशील ना?"

"बघीन! ओढा!"

काकूंनी जाळीतून काठी सारली. टोकाला ओलं फडकं तसंच होतं. तिने ते पकडलं, काकूंनी संसार सांभाळणाऱ्या हातांनी ओढलं, आणि तिचा पाय खिडकीखालच्या छज्ज्यावर पडला. वजन पायांवर आलं, फास सैल झाला. पाचातले दोन वेढे तिने तिथेच सोडवले. मग फडक्याच्या पाण्याने भिजलेल्या तोंडाने, सगळ्यांच्या देखत, ती सरसर खाली आली. अगदी झकास उतरली. पण त्याकडे कुणी पाहिलं नाही, कारण सेक्रेटरी विचारत होते, "उत्तरेकडची भिंत उद्या करता का?"

भिंगरी वर सासूबाईंच्या पदरात सापडली. सुटल्यावर ती तीन पावलं धावली होती आणि परत येऊन आजीच्याच पदरात शिरली होती.

मग सगळे घरी आले. खारूताईने दोर गुंडाळला, सॅकमध्ये भरला, सॅक दाराशी ठेवली. "परत पाठवते घोरपडीला," ती म्हणाली. "माझं आता हे नाही. अख्ख्या इमारतीसमोर शोभा झाली. आणि आईंना मी टाकीला बांधलं."

नवरा काही बोलणार तेवढ्यात सासूबाई पाणी प्यायच्या थांबल्या.

"बांधलंस त्याचं काही नाही. पण मला तुला उतरताना बघायचं होतं. वाकून. जन्मात कुणाला असं उतरताना पाहिलं नाही मी. कठड्यापर्यंत हात पोचेना. तू पट्टा एवढा आखूड का ठेवलास?"

"तुम्ही वाकाल म्हणून."

"तेच तर. मला वाकायचं होतं." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "इतक्या लोकांदेखत लटकलीस, फडकं तोंडावर घेतलंस, आणि आता जायचंच नाही? मग लटकलीस कशाला? जा. भिंगरीला मी बघते. न बांधता."

ते 'न बांधता' खारूताईच्या अजून कानात आहे.

रविवार उजाडला तेव्हा ती घोरपडीच्या गाडीत होती. तिने घरच्यांना सूचना दिल्या त्या इथे देत बसलो तर कागद पुरणार नाही. सुळक्याच्या पायथ्याशी घोरपडीने तिची गाठ ओढून पाहिली, तिने घोरपडीची. मग हात कातळाला लागला. गिलावा कुठे आणि हा कुठे! पहिला कंगोरा, दुसरा, मग ती बाहेर झुकलेली अवघड जागा. एवढी वर्षं अंथरुणावर पडून डोळे मिटून ती जी चढत होती, ती जागा. ती खरी तिथेच होती. खारूताई तिच्यावरून वर गेली. खालून घोरपड ओरडली, "खारूताई, जगात आहेस ना?" आणि ती हसली.

आत्ता ती सुळक्याच्या खांद्यावर बसली आहे. माथा अजून वर आहे, फार नाही. हवं तेच मिळालं आहे, हातभर लांब. आणि ती बसून घराकडची दिशा शोधते आहे. इमारत इथून दिसत नाही. फोनला रेंज नाही. फोन तिने तीनदा उंच धरून पाहिला. घोरपड खालून शिव्या देते आहे. घरी असताना इथली ओढ, इथे असताना घरची. माणसाला दोन्हीकडून दोर बांधला की तो बरोबर मध्ये लटकतो, याला फास सैल करायची कुठली काठी नाही.

म्हणून तिने तुम्हाला विचारायला सांगितलं आहे. तिच्या घराच्या बाजूला तुम्ही जाणार असाल तर दुसऱ्या मजल्यावर जरा डोकावून याल का? जिना चढून डावीकडचं दार. बेल वाजवू नका, भिंगरी दुपारची झोपते. दाराला नुसता कान लावा. रडण्याचा आवाज आला तर काय करायचं ते सासूबाईंना ठाऊक आहे, तुम्ही मध्ये पडू नका. आणि आजी-नात खिदळताना ऐकू आल्या, अगदी तिच्यावाचून काही अडलं नाही अशा खिदळताना, तर तेही येऊन तिला सांगा. फक्त लगेच नको. आधी तिला माथ्यावर पोचू द्या.